रॉबर्ट कॉख: जंतू खरोखर मेला का, हे तपासून पाहणारे सरकारी डॉक्टर

टीबीच्या रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टर पुष्कळदा 'कॉक्स' असा शब्द लिहितात. नातेवाईक तो वाचून घाबरतात, हा टीबीपेक्षा वेगळा, मोठा आजार तर नाही ना, असे विचारतात. तसे काही नाही. ज्या जर्मन डॉक्टरांनी टीबीचा जंतू शोधला, त्या रॉबर्ट कॉख यांच्या नावावरून हा शब्द आला आहे.

टीबीचा शोध सर्वांना माहीत असतो. पण त्याआधी कॉख यांनी सरकारी प्रयोगशाळेत केलेले एक काम आजही प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये रोज उपयोगी पडते. जंतुनाशक म्हणून जे वापरले जाते त्याने जंतू खरोखर मरतात का, हा त्या कामाचा विषय होता.

खाणीच्या गावातला मुलगा

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील हार्त्स डोंगराळ भागात, क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाण खात्यात अधिकारी होते. घरात १३ भावंडे. १८६६ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठातून ते डॉक्टर झाले.

पुढे १८७२ मध्ये वोल्श्टाइन या छोट्या गावात त्यांना जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याची सरकारी नोकरी मिळाली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. दिवसभर रुग्ण तपासायचे, साथीचे अहवाल लिहायचे, लसी टोचायच्या आणि उरलेल्या वेळात घरातच मांडलेल्या सूक्ष्मदर्शकासमोर बसायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

न मरणारे बीज

त्या भागात गुरांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, फार होई. मेंढ्या अचानक मरत, कधी माणसालाही लागण होई. ज्या कुरणात जनावरे मेली तिथे वर्षांनंतर नवा कळप चरायला नेला, तरी रोग पुन्हा उद्भवे. मधल्या काळात तो कुठे दडून बसतो, हे कोणालाच कळत नव्हते.

कॉख यांनी हे जंतू बैलाच्या डोळ्यातील द्रवात वाढवले आणि तासन्‌तास पाहत राहिले. परिस्थिती प्रतिकूल झाली की जंतूच्या आत एक चकचकीत ठिपका तयार होतो, हे त्यांना दिसले. तो बीजाणू. बीजाणू म्हणजे जंतूचे जाड कवचातले झोपलेले रूप. तो खात नाही, वाढत नाही, पण कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकतो आणि अनुकूल जागा मिळाली की पुन्हा जागा होतो. हे संशोधन १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि खेड्यातल्या या डॉक्टरचे नाव जर्मनीभर झाले.

बर्लिनची नोकरी आणि रेशमी दोरे

१८८० मध्ये कॉख यांना बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात बोलावण्यात आले. गेओर्ग गाफ्की आणि फ्रीडरिश लोफ्लर हे दोन तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली आले. साथ आली की घरे, कपडे, रेल्वेचे डबे, जहाजे शुद्ध कशी करायची, हे सांगणे सरकारचे काम होते. त्या काळी गंधकाची धुरी देत, कार्बोलिक ॲसिड शिंपडत, कपडे गरम हवेच्या भट्टीत ठेवत. वास गेला, किंवा औषधाचा उग्र वास आला, की जागा शुद्ध झाली असे मानत.

कॉख यांनी हा विश्वास तपासायचा ठरवला. रेशमी दोऱ्याचे लहान तुकडे त्यांनी काळपुळीच्या बीजाणूंच्या द्रवात भिजवून वाळवले. एकेक तुकडा एकेका जंतुनाशकात बुडवला. ठरावीक वेळाने तो बाहेर काढून पोषक जिलेटिनवर ठेवला. जंतू वाढले तर बीजाणू जिवंत होते, नाही वाढले तरच ते मेले असावेत. सर्वांत चिवट शत्रू मुद्दाम निवडला होता. तो मेला तर बाकीचे नक्की मरतील, हा त्यामागचा विचार.

१८८१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष धक्कादायक होते. पाण्यात मिसळलेले कार्बोलिक ॲसिड साधे जंतू लवकर मारत होते, पण बीजाणूंसाठी तीव्र द्रावण आणि बराच वेळ लागत होता. तेच ॲसिड तेलात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळले तर बीजाणूंवर काहीच परिणाम होत नव्हता. जखमांवर मात्र कार्बोलिकचे तेल सर्रास वापरले जात होते. नुसत्या अल्कोहोलमध्ये बीजाणू महिनोन्‌महिने जिवंत राहिले. गंधकाच्या धुरीवरही विसंबता येत नव्हते.

याच कामात कॉख यांनी एक महत्त्वाचा फरक दाखवला. जंतूची वाढ थांबणे वेगळे आणि जंतू मरणे वेगळे. औषधाच्या संपर्कात असेपर्यंत जंतू गप्प राहतो आणि औषध धुऊन गेले की पुन्हा वाढतो, असेही होते.

वाफ का जिंकली?

पुढची परीक्षा उष्णतेची होती. कोरड्या हवेत बीजाणू मारायला सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानात ३ तास लागत. तेवढ्यात कपडे करपत. शिवाय गाठोड्याच्या मधोमध उष्णता पोहोचतच नसे.

मग कॉख, गाफ्की आणि लोफ्लर यांनी वाहती वाफ वापरून पाहिली. १०० अंशाच्या वाफेत तेच बीजाणू काही मिनिटांत मेले आणि वाफ गाठोड्याच्या आतपर्यंत पोहोचली. याचा अनुभव आपल्याला स्वयंपाकघरात येतो. गरम ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर भाजत नाही, पण इडलीपात्राची वाफ लागली की लगेच फोड येतो. वाफेचे पाणी होताना ती साठवलेली उष्णता एकदम सोडते आणि ओलाव्यामुळे जंतूतील प्रथिने लवकर गोठतात.

फ्रान्समध्ये शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये दाबाखालच्या वाफेचे यंत्र बनवले होते. काही बीजाणू १०० अंशालाही तग धरतात, म्हणून आजच्या ऑटोक्लेव्हमध्ये दाब वाढवून साधारण १२१ अंश तापमान किमान १५ मिनिटे ठेवतात.

कॉख यांचीही चूक सापडली

आपल्या प्रयोगांत कॉख यांनी मर्क्युरिक क्लोराईड या पाऱ्याच्या विषारी क्षाराला पहिला क्रमांक दिला होता. अगदी पातळ द्रावणही मिनिटांत बीजाणू मारते, असे त्यांना दिसले. ते जगभर वापरात आले. १८८९ मध्ये गेपर्ट या जर्मन संशोधकाने दाखवले की दोऱ्याला चिकटून राहिलेला पारा जंतूंची वाढ रोखत होता. तो पारा रासायनिक पद्धतीने निकामी केला की बीजाणू पुन्हा वाढत. वाढ थांबणे आणि मरण यांतला जो फरक कॉख यांनी शिकवला, त्यातच त्यांचा स्वतःचा प्रयोग फसला होता. आजही जंतुनाशकाची चाचणी करताना उरलेले रसायन आधी निकामी करतात.

जंतू ओळखा, मग उपाय ठरवा

२४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी टीबीचा जंतू शोधल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. पुढच्या वर्षी कॉलऱ्याच्या शोधात ते इजिप्तला आणि तिथून कोलकात्याला आले. कोलकात्यातील एका तलावाच्या पाण्यात त्यांना कॉलऱ्याचे जंतू सापडले. लोक त्याच तलावात अंघोळ करत, रुग्णांचे कपडे धूत आणि तेच पाणी पीत. हा जंतू बीजाणू बनवत नाही आणि वाळला की काही तासांत मरतो, हेही त्यांना कळले. म्हणजे कॉलऱ्यासाठी धुरी देण्यापेक्षा पाणी सुरक्षित करणे महत्त्वाचे होते.

१८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने ८ हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा सरकारने कॉख यांना तिथे पाठवले. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, तेही हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे पाणी घेत होते, पण ते वाळूतून गाळून. आल्टोना बहुतांशी वाचले.

मुंबईचा प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतले जाऊ लागले, घरे जंतुनाशकाने धुतली जाऊ लागली, लोकांचे सामान जाळले गेले. १८९७ मध्ये गाफ्की यांच्यासह जर्मन पथक मुंबईत आले आणि पुढे कॉखही त्यात सामील झाले.

पुण्यात घरांची झडती आणि सामानाची नासधूस यांमुळे उसळलेला संताप रँडच्या हत्येपर्यंत गेला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या साऱ्या फवारणीत मूळ वाहक मात्र सुटला होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. गटारात ओतलेले कार्बोलिक पिसवांपर्यंत पोहोचत नव्हते. रसायन कितीही जहाल असले तरी ते चुकीच्या जागी टाकले तर लोकांना फक्त त्रास होतो.

जी कसोटी स्वतःला लावली नाही

कॉख यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक १८९० मधली. टीबीवर उपाय सापडल्याचे त्यांनी जाहीर केले. ट्युबरक्युलिन नावाचे ते द्रव्य कशाचे बनवले आहे, हे त्यांनी सुरुवातीला गुप्त ठेवले. हजारो रुग्ण आशेने बर्लिनला धावले. औषधाने टीबी बरा झाला नाही, काही रुग्ण दगावले. कार्बोलिकबाबत पुराव्याशिवाय काहीही न मानणाऱ्या कॉख यांनी स्वतःच्या औषधाबाबत तो धीर धरला नाही. रुग्णांनी त्याची किंमत मोजली. पुढे हेच द्रव्य निदानासाठी उपयोगी ठरले. आपण करतो ती मॉन्टू टेस्ट त्यातूनच आली.

१९०५ मध्ये कॉख यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी बर्लिनमधील त्यांच्या संस्थेतच ठेवल्या आहेत.

ते काम आज कुठे दिसते?

स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर ब्रिटिश सरकारने १९४२ मध्ये काळपुळीच्या बीजाणूंची युद्धचाचणी घेतली होती. ते बीजाणू मातीत दशकानुदशके टिकले. शेवटी १९८६ मध्ये फॉर्मल्डिहाइड आणि समुद्राचे पाणी शिंपडून माती शुद्ध करावी लागली आणि १९९० मध्ये बेट सुरक्षित जाहीर झाले. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून काळपुळीचे बीजाणू पाठवले गेले, ५ माणसे मेली. तेव्हा सरकारी शास्त्रज्ञांनी इमारती क्लोरीन डायऑक्साइड वायूने शुद्ध केल्या. जागा शुद्ध झाली का, हे ठरवायला त्यांनीही बीजाणू लावलेल्या पट्ट्या आणि नमुने तपासले. रुग्णालयातील ऑटोक्लेव्हची खात्री करायलाही अशाच निरुपद्रवी पण चिवट बीजाणूंच्या पट्ट्या वापरतात. रेशमी दोऱ्यांचेच हे आजचे रूप.

रुग्ण आणि कुटुंबीयांनी काय लक्षात ठेवावे?

- टीबीच्या रुग्णाचे ताट-वाटी वेगळी करू नका. फुफ्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. खोकताना तोंड झाकणे, सुरुवातीच्या काळात मास्क, उघड्या खिडक्या आणि नियमित औषधे यांनी घर सुरक्षित होते. थुंकी झाकणाच्या भांड्यात जमा करून आरोग्य कर्मचाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीने नष्ट करा.
- आधी घाण धुवा, मग जंतुनाशक लावा. रक्त, पू किंवा शेण यांच्या थराखाली औषध पोहोचत नाही.
- वेळ द्या. बाटलीवर जितकी मिनिटे लिहिली आहेत तितका वेळ पृष्ठभाग ओला राहू द्या. वास म्हणजे पुरावा नव्हे.
- सॅनिटायझर सगळ्यावर चालत नाही. काही अँटिबायोटिक्सनंतर होणाऱ्या सी. डिफिसिल या जुलाबाचे जंतू बीजाणू बनवतात. अशा रुग्णाची सेवा करताना साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवा.
- खोल किंवा मातीने माखलेली जखम नुसती पुसून थांबू नका. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. जखम धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा.
- जंतुनाशके एकमेकांत मिसळू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.
- विचारायला संकोच करू नका. उपकरणे निर्जंतुक केली आहेत का, पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला आहे का, हे विचारणे हा अविश्वास नाही.

केसपेपरवर 'कॉक्स' लिहिलेले दिसले तर घाबरू नका. टीबी औषधांनी बरा होतो. घरातली ताटे वेगळी करण्याआधी एकदा आपल्या डॉक्टरांशी बोला.