तुकोबारायांचे डोंगर



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा मंडळी म्हणाली, बुवा, तुम्हीबी काहीतरी लिहा. आमचं शिक्षण चौथीपर्यंत, त्यात सवय उभं राहून बोलायची. तरी जगद्गुरू तुकोबारायांचं चरित्र थोडकं सांगतो. सगळं सांगायला सप्ताह पुरत नाही, म्हणून त्यांनी डोंगरावर काढलेले दिवस तेवढेच घेतो.

इंद्रायणीकाठी देहू गावात बोल्होबा आणि कनकाई यांच्या पोटी महाराज जन्मले. बहुतेक जाणकार १६०८ साल धरतात. कूळ मोरे, आडनाव आंबिले. विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी चालत आलेली. विठोबाचं देऊळ घरचंच. शेती होती, दुकानदारी होती, गावची महाजनकी होती, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, कान्होबा धाकटे. म्हणून संसाराचं जू मधल्या तुकोबांच्या मानेवर कोवळ्या वयातच आलं. पहिली बायको रखमाई दम्यानं आजारी, म्हणून दुसरं लग्न झालं ते पुण्याच्या गुळव्यांच्या लेकीशी, जिजाईशी. तिलाच आपण आवली म्हणतो.

पुढं दिवस फिरले. सतरा-अठरा वर्षांचं वय, तेवढ्यात आईबाप गेले. भावजय वारली आणि सावजी तीर्थाला निघून गेले. त्यावर १६३० चा दुष्काळ आला. सगळ्या दख्खनात माणसं आणि गुरं पटापट मेली. महाराजांचं दुकान बुडालं, बैलं गेली, चारचौघांत पत गेली. रखमाई अन्न अन्न करत गेल्या, पाठोपाठ लाडका मुलगा संतू गेला. मंडळी, आपण शेतकरी माणसं. एक बैल दावणीला मेला तर आपल्या घरात दोन दिवस चूल नीट पेटत नाही. इथं तर सगळंच गेलं होतं.

अशा वेळी महाराज भामचंद्राच्या डोंगरावर गेले. देहूपासून काही कोसांवर हा डोंगर आहे. वर कातळात गुहा आणि पाणी, भोवती झाडी. तिथं ते पंधरा दिवस बसले असं परंपरा सांगते. अंगावर साप-विंचू चढले तरी हलले नाहीत. तिथंच त्यांना पांडुरंगाची भेट झाली.

भाऊ कान्होबा रानोमाळ शोधत वर आले आणि दोघं मिळून इंद्रायणीवर उतरले. तिथं महाराजांनी घरातली कर्जखतं मागवली. लोकांकडून यायच्या पैशाचे ते कागद. दोन वाटण्या केल्या. भावाच्या वाटणीचे कागद भावाला दिले, कारण त्याला संसार करायचा होता. स्वतःच्या वाटणीचे नदीत बुडवले.

इथं श्रोत्यांनी जरा थांबावं. दुष्काळात होरपळलेल्या किती घरांवरचं ओझं त्या दिवशी उतरलं असंल! डोंगरावर मिळालेली शांती महाराजांनी एकट्यानं खाल्ली नाही. खाली आल्यावर पहिलं काम केलं ते कुळांच्या गळ्याचा फास सोडवायचं. मग मोडकळीला आलेलं विठोबाचं देऊळ स्वतःच्या हातानं माती कालवून नीट केलं.

त्यानंतरचा त्यांचा डोंगर म्हणजे भंडारा. तिथं आणि घोरावडेश्वरावर जुन्या काळच्या भिक्षूंनी कोरलेली लेणी आहेत. एकांताला ही जागा बरी हे कितीतरी शतकं आधीच्या साधकांनीही ओळखलं होतं. महाराज सकाळी पूजा करून भंडाऱ्यावर जायचे, ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवत वाचायचे, नामदेवरायांचे अभंग पाठ करायचे. झाडं, वेली, रानातली पाखरं हेच त्यांना गणगोत वाटायला लागलं. ज्याच्या घरची माणसं दुष्काळानं नेली, त्याला रानात सोयरे भेटले. आणि दिवस मावळला की पाय गावाकडं वळायचे, रात्री देवळात कीर्तन व्हायचं.

जिजाईला विसरून चालणार नाही. घरात पोरं, कोठीत दाणा नाही, आणि मालक डोंगरावर. तरी ती माउली भाकरी बांधून उन्हातनं डोंगर चढायची. पायात काटा मोडला तेव्हा देवानं तो स्वतः काढला ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. लोक तिला कजाग म्हणतात. आम्ही कीर्तनात सांगतो, महाराजांच्या एकांताला भाकरी तिनं पुरवली. तो अर्धा वाटा तिचा आहे.

माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला आणि रामकृष्ण हरि हा मंत्र मिळाला. पुढं वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरनं अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेव्हा मात्र महाराज डोंगरावर गेले नाहीत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले. वह्या तरल्या आणि रामेश्वर भट शिष्य झाले. डोंगरावर कमावलेलं धैर्य इथं कामाला आलं.

आपल्या कोल्हापूरकरांना यात अभिमानाची एक गोष्ट आहे. संत बहिणाबाई लहान वयात नवऱ्याबरोबर कोल्हापुरात राहत होत्या. इथंच जयराम स्वामींच्या कीर्तनात त्यांच्या कानावर तुकोबांचे अभंग पडले आणि इथंच स्वप्नात तुकोबांनी उपदेश केला. मग त्या देहूला गेल्या. भंडाऱ्यावरचा तो झरा एवढ्या लांब पंचगंगेपर्यंत पोचला होता.

२०१९ च्या महापुरात आमचं रान पाण्याखाली गेलं, उभा ऊस कुजला, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. पाणी उतरल्यावर आम्ही जोतिबाच्या डोंगरावर जाऊन दिवसभर बसलो. वारं लागलं, मन हलकं झालं. पण ऊस काही उभा राहिला नाही. संध्याकाळी उतरलो आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याबरोबर पैरा करून दोघांची रानं साफ केली. महाराजांच्या चरित्रानं एवढं शिकवलं होतं.

आता पोरं पन्हाळ्याला, राधानगरीच्या रानात गाड्या घेऊन जातात. जावं, त्यात वावगं काही नाही. तिथं गाणी लावून गोंधळ घालू नये, बाटल्या टाकू नयेत. घटकाभर गप बसावं, नाम घ्यावं. आणि ज्याच्यावर संकट आलंय त्यानं तर जरूर जावं, पण घरात सांगून जावं आणि परत यावं. शोधायला येईल असा कान्होबा प्रत्येकाला असतोच असं नाही. म्हणून दिंडीतला कुणी चार दिवस दिसला नाही, तर आपण त्याचा कान्होबा व्हावं.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले. धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. ज्या वारीत आपली दिंडी शंभर वर्षं चालली, ती वारी त्या पालखीनं अशी वाढवली. पुढच्या शंभर वर्षांत चालणाऱ्यांनी भंडारा आणि भामचंद्र एकदा पायी चढून बघावेत, एवढी विनंती करून सेवा पुरी करतो.

रामकृष्ण हरि.