अर्थशास्त्राचा पहिला धडा आणि बाबासाहेब

जून-जुलै उजाडला की महाविद्यालयांचे सूचनाफलक नव्या नावांनी भरून जातात. वस्त्या-वाड्यांतून आमची मुले-मुली प्रथम वर्षाला प्रवेश घेतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांची गाठ सूक्ष्म अर्थशास्त्र नावाच्या विषयाशी पडते. फळ्यावर मागणीची रेषा वरून खाली उतरते, पुरवठ्याची रेषा खालून वर चढते. दोन्ही जेथे छेदतात तेथे किंमत ठरते, असे सांगितले जाते. पाठोपाठ सीमांत उपयोगिता, मागणीची लवचिकता, उत्पादनाचे घटक असे जड शब्द येतात. मुले घाबरतात, गाईड विकत घेऊन पाठांतर करतात आणि हा विषय आपल्यासाठी नाहीच असे मनाशी ठरवून मोकळी होतात. ज्या समाजाचा मुक्तिदाता मुळात अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता, त्या समाजाच्या मुलांनी अर्थशास्त्राला भ्यावे, यासारखे दुर्दैव कोणते?

बाबासाहेबांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून ओळखतो, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून वंदन करतो. परंतु त्यांच्या हयातीतील पहिल्या मोठ्या पदव्या अर्थशास्त्रातल्या आहेत, हे जयंतीच्या भाषणांत अपवादानेच सांगितले जाते. म्हणून हा चरित्रभाग आज पुन्हा सांगणे आवश्यक आहे.

शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली ते बी.ए. झाले. सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे तीन वर्षांत त्यांनी साठ अभ्यासक्रम घेतले. त्यांपैकी एकोणतीस एकट्या अर्थशास्त्राचे होते. बाकीचे इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र आणि भाषा या विषयांचे होते. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, पोटाला चिमटा घ्यायचा आणि जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालायची, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी सूक्ष्म अर्थशास्त्र हे नाव रूढ झाले नव्हते. वस्तूची किंमत कशी ठरते, मजुरी, खंड, व्याज आणि नफा यांची वाटणी कशी होते, हा सारा भाग अर्थशास्त्राची मूलतत्त्वे या नावाने शिकवला जाई. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या अल्फ्रेड मार्शल यांच्या ग्रंथाने त्याला घाट दिला होता. कोलंबियातील प्रा. एडविन सेलिगमन यांनीही मूलतत्त्वांवर पाठ्यपुस्तक लिहिले होते. कराचा बोजा दिसतो एकावर आणि पडतो दुसऱ्यावर, तो कोण कोणावर ढकलतो, या प्रश्नाचे ते जगन्मान्य अभ्यासक होते. अशा गुरूच्या हाताखाली बाबासाहेब तयार झाले. प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधाला १९१५ साली एम.ए. मिळाली. १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध तयार झाला आणि त्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्याला नोकरीत शिपाईसुद्धा फायली दुरून फेकत. राहायला घर मिळाले नाही. मुंबईला येऊन त्यांनी गुंतवणुकीचा सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. सल्ला उत्तम होता, ग्राहक येऊ लागले. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक फिरकेनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. आता पुस्तकातील मागणीचा नियम आठवून पाहा. किंमत, उत्पन्न, आवडनिवड आणि इतर वस्तूंचे भाव यांवर मागणी अवलंबून असते, असे पुस्तक सांगते. येथे यांपैकी काहीच बदलले नव्हते. सेवा तीच, दर तोच. केवळ जात समजली आणि मागणी शून्यावर आली! आवडनिवड या निरागस शब्दाच्या पोटात किती विष दडलेले असू शकते, हे बाबासाहेबांना कोणत्याही आकृतीवाचून कळले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. महार समाजातला हा प्राध्यापक आपल्याला काय शिकवणार, अशा नजरेने आलेले विद्यार्थी थोड्याच दिवसांत कान देऊन ऐकू लागले. इतर कॉलेजांतील विद्यार्थीही त्यांच्या तासाला बसण्याची परवानगी मागत. मात्र प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. वर्गात विद्वान आणि वर्गाबाहेर अस्पृश्य, ही या देशाची रीत!

त्याच १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने हा निबंध उत्पादनाचे घटक या प्रकरणासोबत वाचावा. शेताचे तुकडे झाले म्हणून शेती तोट्यात, तेव्हा तुकडे जोडा, असे त्या वेळी सारे तज्ज्ञ म्हणत होते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी केलेली पाहणी तेव्हा ताजी होती. कुटुंबाला सुखाने पुरेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर जमीन, अशी व्याख्या काहीजण करत. बाबासाहेबांनी तिच्यातील दोष अचूक पकडला. ही मोजणी खाणाऱ्या तोंडांवरून झाली. जमीन किफायतशीर आहे की नाही हे उत्पादनावरून ठरले पाहिजे. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण जुळते की नाही हे पाहिले पाहिजे. बैल, अवजारे, पैसा जवळ नसेल तर चार एकरही जास्त होतात आणि भांडवल असेल तर तेवढ्यातच भरघोस पिकते. खरा रोग नुसत्या तुकड्यांत नसून, दुसरे काम नाही म्हणून शेतीला चिकटून राहिलेल्या रिकाम्या हातांत आहे आणि त्यावरचा उपाय औद्योगिकीकरण आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते!

साठवलेला पगार, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी नव्याने लिहायला सांगितला, त्यांनी तो लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. पहिल्या सत्रात एटीकेटी लागली म्हणून विषय सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी अ‍ॅडम स्मिथच्या सुप्रसिद्ध ग्रंथाची संपादित आवृत्ती १९०४ साली काढली होती. त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात टाचण्यांचा कारखाना आहे. दहा माणसे कामे वाटून घेतात आणि दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या बनवतात. एकट्याने सारे केले तर वीसही होणार नाहीत. हीच श्रमविभागणी, अर्थशास्त्राचा पहिला धडा.

आमच्याकडील सनातन्यांनी या धड्याचा आधार घेऊन जातिव्यवस्थेचे समर्थन चालवले होते. जात म्हणजे श्रमविभागणीच तर आहे, असा त्यांचा दावा. १९३६ साली जातिनिर्मूलनावरील भाषणात बाबासाहेबांनी हा दावा मोडून काढला. लाहोरच्या आयोजकांनी ते भाषण होऊ दिले नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापले. जातीने कामाबरोबर कामगारांचीही विभागणी केली आणि त्यांना एकावर एक रचून ठेवले, असे त्यांनी दाखवून दिले. टाचण्यांच्या कारखान्यातला माणूस उद्या दुसरे काम धरू शकतो. जातीत ते जन्माआधीच ठरलेले असते. एका धंद्यात मंदी आली तर माणसाने दुसऱ्या धंद्यात जावे, हे अर्थशास्त्र सांगते. जात त्याला अडवते आणि बेकारी निर्माण करते. जे काम निवडलेले नाही आणि ज्याला प्रतिष्ठा नाही, त्यात मन आणि बुद्धी कशी लागणार?

हा नुसता ग्रंथातला वाद नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, पण तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. त्याच वर्षी महार वतनाचे विधेयक आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. श्रमाची किंमत जन्मावर ठरू नये, हाच या तिन्ही लढ्यांचा गाभा.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, मागणी-पुरवठ्याची आकृती नीट काढायला शिका. बाबासाहेबांनी शास्त्र आधी पुरते आत्मसात केले, मग त्यातील उणिवांवर बोट ठेवले. जो शास्त्र शिकलाच नाही, त्याला प्रश्न विचारता येत नाही. बाजारात सारे समान, असे प्राध्यापक सांगतील तेव्हा हात वर करा आणि विचारा, की आमच्या माणसाला घर भाड्याने देताना आडनाव का विचारले जाते? गटारात उतरणारे हात पिढ्यान् पिढ्या त्याच जातींचे का असतात? या प्रश्नांची उत्तरे गाईडमध्ये नाहीत. ती तुम्हालाच लिहायची आहेत.