फुटलेल्या आवाजाची गोष्ट

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात ईट नावाचे गाव आहे. ईट काय किंवा आपले कोणतेही गाव काय, हरिनाम सप्ताहात नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनात एक प्रसंग कधी ना कधी घडतोच. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या गळ्याचे साऱ्या गावाने कौतुक केले, असा सातवी-आठवीतला मुलगा अभंग म्हणायला बसतो. पेटीवाला नेहमीची पट्टी धरतो. पहिली ओळ बरी जाते. वरच्या षड्जाला हात घालताच गळ्यातून स्वराऐवजी कोंबडा आरवल्यासारखे काहीतरी बाहेर पडते. मंडपात खसखस पिकते. आयाबहिणी तोंडाला पदर लावतात, टाळकरी एकमेकांकडे बघतात. मुलगा मात्र मान खाली घालून उठतो, आणि पुष्कळदा पुन्हा कधीच गायला बसत नाही.

हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. प्रसंगच तसा असतो. पण अशाच एका फजितीतून आपल्या संगीताला केवढा मोठा गवई मिळाला, ती हकिगत घरातल्या मुलांना अवश्य सांगावी अशी आहे. त्या गवयाचे नाव भास्कर रघुनाथ बखले, म्हणजेच गायनाचार्य भास्करबुवा बखले.

बुवांचा जन्म १८६९ सालचा, बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा. घरची परिस्थिती बेताची. गळा मात्र देवाने गोड दिलेला. बडोद्यात विष्णुबुवा पिंगळे यांच्याकडे त्यांना गाण्याचे पहिले धडे मिळाले. त्या काळी मराठी मुलुखात संगीत नाटकाची नवी लाट आली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले आणि लोक अक्षरशः वेडे झाले. तेव्हा स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी या साऱ्या भूमिका पुरुषच करीत, आणि गोड गळ्याच्या मुलांना नाटक कंपन्या शोधत असत. तसा छोटा भास्कर किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला.

‘रामराज्यवियोग’ नाटकात त्याच्या वाट्याला कैकेयी आली. मिसरूडही न फुटलेला पोरगा दशरथाच्या राणीचा लुगडे-दागिन्यांचा थाट करून उभा राहायचा आणि गायला लागला की थिएटर शांत व्हायचे. इंदूरच्या मुक्कामात थोर बीनकार बंदेअली खाँ यांनी त्याला ऐकले आणि ते इतके खूश झाले की त्यांनी आपणहून त्याला गंडा बांधला, असे सांगतात. एवढ्या मोठ्या उस्तादाने नाटकातल्या पोराला शिष्य करून घ्यावे, हे नवलच होते.

पण देवाने दिलेले वय कोणासाठी थांबत नाही. मुलगा चौदा-पंधराच्या घरात आला की गळ्याची घाटी वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. हा बदल एका रात्रीत होत नाही. मधले काही महिने जुना आवाज गेलेला आणि नवा आलेला नसतो. गाणाऱ्याला स्वतःलाच ठाऊक नसते की पुढच्या स्वराला गळ्यातून काय निघेल. आज सिनेमात नट नुसते ओठ हलवतो, गाणारा वेगळा असतो. संगीत नाटकात ही सोय नव्हती. राणीचा वेष, राणीचे दागिने आणि गळ्यातून मात्र चिरका सूर, असा तो प्रकार. ‘वन्स मोअर’ देणारे प्रेक्षक तेच आणि टर उडवणारेही तेच.

भास्करचा आवाज फुटला आणि कंपनीतले त्याचे दिवस फिरले. काल ज्याचे लाड होत होते, त्याला आज अपमान गिळावे लागू लागले. नाटक कंपनी हा शेवटी व्यवसाय होता. न गाणारी कैकेयी सांभाळायची कशाला, असा रोकडा हिशेब. हे फक्त आपल्याकडेच होत होते असे नाही. पाश्चात्त्य संगीतातले थोर रचनाकार हायडन लहानपणी व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गात. आवाज फुटल्यावर सम्राज्ञीने त्यांच्या गाण्याला कोंबड्याचे आरवणे म्हणून हिणवले, अशी आख्यायिका आहे. पुढे एका सोबत्याची शेंडी कापण्याची खोडी काढली, एवढे निमित्त झाले आणि त्यांना हाकलून दिले. देश वेगळा, धर्म वेगळा, संगीत वेगळे. कोंबडा मात्र तोच!

भास्करने नाटक कंपनी सोडली. अशा वेळी दुसरा एखादा मुलगा गाणे कायमचे सोडून कुठे कारकुनी धरता. हा उलट बडोद्याला गेला आणि ग्वाल्हेर गायकीचे उस्ताद फैज महंमद खाँ यांच्या पायाशी बसला. त्या काळी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकायचे. पुन्हा याच्यापुढचे काम दुहेरी होते. विद्या मिळवायची होती आणि ती ज्यात साठवायची, तो गळाही नव्याने घडवायचा होता. गोड आवाज फुकट मिळाला होता, तो गेला. आता जो मिळवायचा, तो मेहनतीचा.

पुढे बुवा आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांच्याकडे शिकले आणि त्यानंतर जयपूरच्या गायकीचे अल्लादिया खाँ यांच्याकडे. एकेका घराण्याचे गवई दुसऱ्याकडे कान देण्यासही तयार नसत, अशा काळात या माणसाने तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात आणली. ख्याल, धृपद-धमार, ठुमरी, भजन, मराठी पद, ज्याला जे हवे ते बुवांच्या मैफलीत मिळे. पंजाब आणि सिंधपर्यंत त्यांचे नाव झाले. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. सर्वसामान्य घरातल्या मुलांना रीतसर गाणे शिकता यावे, यासाठी काढलेली ही संस्था.

आता या गोष्टीतली सर्वांत मोठी गंमत ऐका. ज्या रंगभूमीवर आवाज फुटला म्हणून बुवांची किंमत गेली, तीच रंगभूमी पुढे त्यांच्या दारी आली. किर्लोस्कर मंडळीतून फुटून १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिचे दैवत बालगंधर्व हे बुवांचे शिष्य. १९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले तेव्हा त्यातल्या पदांना चाली दिल्या भास्करबुवांनी. रुक्मिणीच्या वेषातले बालगंधर्व त्या चाली गाऊ लागले आणि मोठमोठ्या रागांचे गाणे मराठी माणसाच्या माजघरापर्यंत पोहोचले. राणीच्या वेषात ज्याचा सूर चिरकला होता, त्यानेच मराठी रंगभूमीच्या सर्वांत लाडक्या राणीच्या गळ्यात सूर घातले.

बुवा ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात वारले. वय अवघे बावन्न. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिलेली नाही. ना कैकेयीचा तो कोवळा आवाज आपल्याला ऐकता येत, ना मेहनतीने कमावलेला नंतरचा. तरी बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे ही नावे घेतली की त्यांच्यामागे बुवा उभे असतात. स्वतःच्या गळ्याचे असे हाल झालेल्या या माणसाचे गाणे शेवटी इतरांच्या गळ्यांतूनच टिकले.

म्हणून पुढच्या सप्ताहात, ईटच्या मंडपात म्हणा किंवा तुमच्या गल्लीतल्या गणपतीपुढे, एखाद्या पोराचा आवाज फुटला तर हसू आवरायचे कारण नाही. हसावे. मात्र त्यानंतर पेटीवाल्याने पट्टी दोन-तीन स्वर खाली घ्यावी आणि एखाद्या वडीलधाऱ्याने पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुन्हा खाली बसवावे. अभंग पुरा होऊ द्यावा.