ओल्डहॅम : भूकंपांचा हिशेब मांडणारा माणूस

नई सडक, लष्कर (ग्वाल्हेर) : २५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हादरला, तेव्हा धक्के ग्वाल्हेरपर्यंत जाणवले. असा धक्का बसला की नई सडकेवर काय किंवा बेळगाव-सोलापुरात काय, प्रश्न एकच असतो. मोठा होऊन गेला, आता सुटलो ना? या प्रश्नाचं उत्तर शोधायला ज्याच्या नोंदी आजही उपयोगी पडतात, तो माणूस म्हणजे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम.

जन्म १८५८ चा, डब्लिनचा. वडील थॉमस ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख. १८७८ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड त्याच खात्यात रुजू झाला. वडिलांचं १८६९ च्या काचार भूकंपावरचं काम अर्धवट राहिलं होतं. मुलाने ते पुरं केलं आणि छापलं वडिलांच्या नावाने. भारतातल्या जुन्या भूकंपांची वडिलांनी केलेली यादीही त्यानेच मार्गी लावली.

३१ डिसेंबर १८८१ च्या सकाळी कार निकोबारजवळ समुद्राखाली भूकंप झाला. बंगालच्या उपसागराभोवती भरती-ओहोटी मोजणारी यंत्रं बसवलेली होती. त्यांच्या कागदांवर, नागपट्टणमसह, त्सुनामी उमटली. लाटा फार उंच नव्हत्या. ओल्डहॅमने या भूकंपावर लिहिलेलं टिपण १८८४ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा कुणाला ते फार महत्त्वाचं वाटलं नसेल.

मग आला १२ जून १८९७. आसामच्या भूकंपात शिलाँग जमीनदोस्त झालं, दीड हजारांवर माणसं गेली. ओल्डहॅम गावोगाव पुरावे गोळा करत फिरला. पडलेली थडगी, जागेवरून उडालेले दगड, कित्येक फूट वर उचललेली जमीन, सगळं त्याने मोजून ठेवलं. त्याचा अहवाल १८९९ मध्ये आला. युरोपातल्या यंत्रांवरच्या नोंदी तपासताना त्याला भूकंपाच्या तीन वेगळ्या लाटा ओळखता आल्या. त्याच धाग्यावरून १९०६ मध्ये त्याने दाखवलं की पृथ्वीच्या पोटात वेगळाच गाभा आहे. प्रकृतीमुळे १९०३ मध्येच त्याने नोकरी सोडली होती. १९३६ मध्ये वेल्समध्ये त्याचं निधन झालं. २००१ मध्ये शिलाँग पठाराखालच्या एका फॉल्टला शास्त्रज्ञांनी त्याचंच नाव दिलं.

एक प्लेट दुसरीखाली सरकते, ही कल्पना मान्य व्हायला १९६० चं दशक उजाडलं. अंदमान-निकोबारखाली हेच चालू आहे. वर्षाला काही सेंटीमीटर सरकायचं असतं, पण दोन प्लेट एकमेकींना चिकटून बसतात. ताण साठत जातो आणि एक दिवस सुटतो. मात्र सगळा पट्टा दर वेळी एकदम फुटत नाही. १८८१ मध्ये कार निकोबारजवळचा तुकडा फुटला, १९४१ मध्ये अंदमानचा. म्हणजे ताण संपला का? नाही. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रापासून अंदमानपर्यंत जवळजवळ १३०० किलोमीटर पट्टा एका दमात फुटला, आणि आधी फुटलेले भागही त्यात पुन्हा सरकले. तंजावरच्या मराठी घराण्यांना जवळचं असलेलं नागपट्टणम, जिथे १८८१ ला लहानशी लाट नोंदली गेली, तिथे या वेळी हजारो माणसं गेली.

हिमालयात समुद्रतळाऐवजी भारताचा भूखंडच खाली दाबला जातोय, पण हिशेब तसाच आहे. २०१५ ला नेपाळचा एक तुकडा सुटला. त्याच्या पश्चिमेचा पट्टा १५०५ नंतर तेवढ्या जोराने फुटलेला नाही, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. तो कधी फुटेल, तारीख कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून सुटलो ना, याचं उत्तर नाही असंच आहे. शंभर-सव्वाशे वर्षं शांत राहिलेला पट्टा म्हणजे सुरक्षित पट्टा नव्हे. आपल्या हातात एवढंच आहे की जुन्या भिंती वेळीच बांधून घ्याव्यात, नवं घर भूकंपाचे नियम पाळून उभारावं आणि नोंदी जपाव्यात. १८८१ चे ते कागद जपले गेले, म्हणून सव्वाशे वर्षांनी शास्त्रज्ञांना दोन भूकंप शेजारी ठेवून पाहता आले.