बेटांचे बारसे करणारा दर्यावर्दी : कॅप्टन जेम्स कुक

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. बाळाला कोणी विचारीत नाही. प्रशांत महासागरातील बेटांचेही असेच बारसे झाले. फरक इतकाच की, या बेटांना आधीच नावे होती आणि ती घेणारी माणसेही तेथे नांदत होती.

हे बारसे करणाऱ्यांत जेम्स कुकचे नाव अग्रभागी आहे. १७२८ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील मार्टन या खेड्यात एका शेतमजुराच्या पोटी त्याचा जन्म झाला. काही काळ दुकानात काम करून तो कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर गेला आणि १७५५ साली ब्रिटिश आरमारात साधा खलाशी म्हणून दाखल झाला. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याचे अचूक नकाशे तयार करून त्याने लौकिक मिळविला. १७६८ साली ‘एंडेव्हर’ जहाजाचे नेतृत्व त्याच्याकडे आले आणि पुढील अकरा वर्षांत त्याने तीन महान सफरी केल्या.

नावे ठेवण्याची त्याची रीत साधी होती. १७७५ साली आढळलेल्या एका हिमाच्छादित बेटाला त्याने आपल्या राजाचे नाव दिले. तेच साउथ जॉर्जिया. हा दक्षिणेकडील मोठा खंड नव्हे हे कळताच त्याच्या टोकाला त्याने ‘निराशेचे भूशिर’ म्हटले. १७७७ च्या नाताळात सापडलेले बेट ‘ख्रिसमस’ झाले. १७७८ साली दिसलेल्या हवाई बेटांना आरमारप्रमुख लॉर्ड सँडविचचे नाव मिळाले.

परंतु दोन नावे मनाला चटका लावतात. १७७४ साली नियुए बेटावर उतरू पाहणाऱ्या कुकला तेथील लोकांनी दगड व भाले फेकून परतविले. त्याने बेटाला नाव दिले ‘रानटी बेट’! टोंगामध्ये मात्र आदरातिथ्य झाले म्हणून ती ‘मित्रांची बेटे’ ठरली. पुढे १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतानुसार तेथील सरदारांनी कुकला ठार मारण्याचा बेत केला होता. केवळ आपसांत एकमत न झाल्याने तो फसला. आपले दार राखणारा रानटी आणि हसून स्वागत करणारा मित्र, एवढाच हा निवाडा!

तथापि कुकवर अन्याय होऊ नये. ताहितीला त्याच्या आधीच्या इंग्रज कप्तानाने राजाचे नाव दिले होते. कुकने मात्र तेथील लोकांच्या तोंडचेच नाव नोंदविले. तुपाइया नावाचा त्या भागातील जाणकार दर्यावर्दी त्याच्या जहाजावर होता. त्याने केलेल्या नकाशात सत्तरहून अधिक बेटे आपापल्या मूळ नावांनिशी आली.

१४ फेब्रुवारी १७७९ रोजी हवाईच्या केआलाकेकुआ उपसागरात कुकचा अंत झाला. चोरीस गेलेली होडी परत मिळविण्यासाठी तेथील राजाला ओलीस धरण्याचा त्याचा प्रयत्न त्याच्याच जिवावर बेतला. ज्या बेटांना त्याने आपल्या वरिष्ठाचे नाव दिले, तेथेच त्याने देह ठेवला.

काळाने बरीच नावे पुसली. सँडविच बेटे पुन्हा हवाई झाली, ‘रानटी बेट’ नियुए झाले. कुकने ‘न्यू हेब्रिडीज’ म्हटलेला द्वीपसमूह १९८० साली स्वतंत्र होऊन वानुआटू झाला. ‘ख्रिसमस’ मात्र तेथील उच्चाराने किरिसमस झाले. परके नाव त्या लोकांनी आपल्या जिभेवर घोळवून आपलेसे केले. गंमत अशी की, स्वतःचे नाव कुकने कोणत्याही बेटाला दिले नाही. आजची ‘कुक बेटे’ हे नाव पुढे एका रशियन नकाशाकाराने रूढ केले.

नकाशावरील नाव वाचताना म्हणूनच एक प्रश्न मनाशी विचारावा : हे नाव बेटाचे, की ते दुरून पाहणाऱ्याचे?