कर्णबधिरांचे गुरू : फादर द लेपे

व्हर्साय येथे १७१२ साली जन्मलेले फ्रेंच धर्मगुरू शार्ल-मिशेल द लेपे यांची पॅरिसमध्ये दोन कर्णबधिर जुळ्या बहिणींशी गाठ पडली. या बहिणींना चित्रांद्वारे शिकविणारे फादर व्हानँ निवर्तले होते. ज्यांच्या कानी शब्दच पडत नाही त्यांच्या ठायी श्रद्धा कशी रुजावी, ही चिंता फादरांना स्वस्थ बसू देईना. १७६० च्या सुमारास त्यांनी राहत्या घरीच विनामूल्य शाळा काढली. खुणांची भाषा त्यांनीच निर्माण केली असे सांगतात, ते खरे नव्हे. ती कर्णबधिरांचीच होती. फादर ती त्यांच्याकडून शिकले; फ्रेंच व्याकरणासाठी काही खुणांची भर तेवढी त्यांनी घातली. आमच्या मते त्यांचे मोठेपण या शिष्यत्वातच आहे. बालकास भाषा लवकर लाभावी, मग ती कानांवाटे असो वा डोळ्यांवाटे, हे आता संशोधकही सांगतात. डिसेंबर १७८९ मध्ये फादर प्रभुघरी गेले. १७९१ साली त्यांच्या शाळेचा भार शासनाने उचलला.