सुभेदारांचा भीमा

मुलांनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री होते, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. आज आपण त्यांच्या लहानपणीच्या घरात जाऊ. त्या घरात लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत होते. त्यांचे नाव रामजी मालोजी सकपाळ. हेच बाबासाहेबांचे वडील.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. त्या काळी महार समाजातील मुलांना गावच्या शाळेची पायरी चढणेही कठीण होते. लष्करात मात्र शिक्षणाची सोय होती. रामजी तेथे शिकले, शिक्षक झाले आणि १४ वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महू येथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना मुलगा झाला. हे त्यांचे चौदावे अपत्य. चौदांपैकी जगली ती पाचच. या धाकट्याला घरात सारे भीमा म्हणत.

रामजी कबीरपंथी होते. ज्या कबीराचे दोहे तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकता, त्याच कबीराची भजने या घरात रोज होत. घरात दारूला थारा नव्हता. संध्याकाळी सर्व मुलांनी भजनाला बसलेच पाहिजे, असा नियम होता. शिस्त लष्करी होती. पण सुभेदार दुसऱ्याला जो नियम लावत, तो आधी स्वतः पाळत.

भीमा ५ वर्षांचा असताना साताऱ्याला त्याची आई भीमाबाई वारली. पाठीने अधू असलेल्या मीराआत्याने मुलांना सांभाळले. पेन्शन मिळत होती, तरी रामजी घरी बसले नाहीत. सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर एका तलावाची खोदाई चालू होती. तेथे ते खजिनदार झाले. १९०१ मध्ये मुले त्यांना भेटायला निघाली. मुलांची जात कळताच त्यांना नेण्यास कोणी बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर ती निघाली. रात्रभर त्यांना कोठे पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेब कधीच विसरले नाहीत.

पुढे रामजींनी दुसरे लग्न केले. भीमाला ते आवडले नाही. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने दिसले की त्याला राग येई. वडिलांच्या पैशांवर जगायचे नाही, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने ठरवले. पण भाड्याला पैसे कोठून आणणार? तो आत्याजवळ झोपे. तिच्या कमरेचा बटवा काढण्याचा प्रयत्न त्याने तीन रात्री केला. चौथ्या रात्री बटवा हाती लागला. आत फक्त अर्धा आणा होता! भीमाला स्वतःची लाज वाटली. स्वतःच्या पायांवर उभे राहायचे तर अभ्यासाचाच रस्ता धरला पाहिजे, हे त्याला उमगले. ही हकिकत मोठेपणी त्यांनी स्वतःच सांगितली आहे. थोर माणसे असे प्रसंग लपवत नाहीत.

त्यानंतर कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली होती. त्या खोलीत चूल, जळण, जाते, शेळी आणि सारी माणसे. दिवसा अभ्यास होणे शक्य नव्हते. मग रामजींनी एक युक्ती काढली. मुलाने लवकर झोपायचे आणि वडिलांनी जागे राहायचे. रात्री दोन वाजता ते भीमाला उठवत आणि त्याच जागेवर आपण आडवे होत. रॉकेलच्या दिव्याशी भीमा पहाटेपर्यंत वाचत बसे. तुमच्यापैकी कोणी इंदापूर तालुक्यातील डाळजसारख्या गावचा असेल, तर उजनीच्या पाण्यावर जाळे टाकायला अंधारातच घर सोडणारी माणसे त्याने पाहिली असतील. घरातले एक माणूस झोप मोडते, तेव्हा बाकीच्यांची चूल पेटते. रामजींनी आपली झोप मोडली ती मुलाच्या अभ्यासासाठी.

दोन मुलांना शिकवण्याइतके पैसे घरात नव्हते. म्हणून थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावे लागले. भीमाच्या यशाबद्दल बोलताना या भावाची आठवण फारसे कोणी काढत नाही. ती काढायला हवी.

भीमाला पुस्तकांचे वेड होते, तेही अभ्यासाबाहेरच्या पुस्तकांचे. तो पुस्तक मागे आणि रामजी नाही म्हणत नसत. खिसा रिकामा असला की ते मुंबईत दिलेल्या लेकीकडे जात. तिच्याजवळ पैसे नसले तर दुसऱ्या लेकीकडे जात. ती अंगावरचा दागिना काढून देई. तो सावकाराकडे गहाण ठेवून पुस्तक येई आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून लेकीला परत केला जाई. आपल्याकडे बापाने लेकीकडे काही मागणे कमीपणाचे समजतात. एकेकाळी ज्यांना शिपाई सलाम करत, ते सुभेदार पुस्तकासाठी हा कमीपणा पुनःपुन्हा पत्करत होते. तेही मुलाला डोळ्यांपुढे दिसत होते.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे त्यांना ते शिकू दिले नाही. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. तुमची उर्दू ज्या लिपीच्या आधाराने लिहितात, ती लिपी बाबासाहेबांनीही गिरवली होती, हे वाचून तुम्हांला गंमत वाटेल. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. समाजातील लोकांना सत्कार करायचा होता. पण रामजी तयार होईनात. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, ही त्यांना भीती. शेवटी लेखक कृष्णराव केळुसकर यांनी त्यांची समजूत घातली. सत्काराच्या वेळी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. बडोद्याची नोकरी पत्करणे त्यांना कर्तव्य वाटले. रामजींना मात्र ते पसंत नव्हते. तेथे मुलाचा अपमान होईल, असे त्यांना वाटे. बापाचे म्हणणे मोडून मुलगा जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याला गेला. थोड्याच दिवसांत तार आली. वडील अत्यवस्थ होते. भीमराव तसेच निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते खाली उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या गाडीने ते उशिरा घरी पोचले. रामजींचे डोळे त्यांनाच शोधत होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला.

त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि नंतर लंडनला. परदेशी त्यांना पोटभर जेवण परवडत नसे. पण ग्रंथालय उघडण्यापूर्वी ते दाराशी हजर असत. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शिक्षणासाठी सोसलेल्या कष्टांबद्दल कृतज्ञ राहून तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. रामजींना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.